सगळ्यांचं येऊ दे

त्या शुक्रवारी दुपारभर मी कणसं किसत बसले होते. भुट्ट्याचा कीस करायचा तर कणसं किसणीवरच किसावी लागतात, मिक्सरमध्ये फिरवली की त्याची लापशी होते, आणि किसताना एखाद्या बोटाचं सालपट निघतंच. माझंही निघालं होतं. बोट तोंडात धरून उभी होते, तेवढ्यात शेजारच्या वहिनींच्या मुलाचा फोन आला.

"आत्या, संध्याकाळी साडेसातला तयार राहा. सुशी खायला चलायचंय."

"काय खायला?"

"सुशी हो, जपानी असते ती. आपल्याच कॉलनीत, ती चक्की होती ना, तिथे नवीन उघडलंय. मी टेबल बुक करून टाकलं."

मी म्हटलं, अरे, आज तुम्ही तिघं माझ्याकडे जेवायला येणार होतात. तर म्हणाला, "ते काय आत्या, घरचंच आहे, ते कधीही होईल." कधीही म्हणजे कधी? रविवारी सकाळी तो त्याच्या आईला घेऊन पुण्याला जाणार होता. चार दिवसांसाठी नव्हे, कायमचा. पण फोनवर भांडून काय मिळणार होतं? मी कीस झाकून फ्रिजमध्ये ठेवला आणि फ्रिजचं दार जरा जोरातच लावलं.

वहिनी म्हणजे माझ्या सख्ख्या वहिनी नव्हेत. त्यांच्या यजमानांनी शेजारी राहायला आल्या दिवसापासून मला ताई म्हटलं, म्हणून मी त्यांना वहिनी म्हणू लागले आणि त्या मला चिडवायला वन्सं म्हणू लागल्या. चिडवणं कधीच संपलं, वन्सं राहिलं. मी लग्न केलं नाही. सरकारी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं, आईला सांभाळलं, आई गेली, निवृत्त झाले. मग वहिनींचे यजमानही गेले. तेव्हापासून रात्रीचं जेवण आम्ही दोघी एकत्र करतो, एक दिवस त्यांच्याकडे, एक दिवस माझ्याकडे. दिवसभरात तेवढाच एक प्रसंग असतो ज्याची मी वाट बघते. हे मी त्यांना कधी बोलून दाखवलं नाही, पण त्यांना कळत नसेल असंही नाही.

मला त्यांना एकच गोष्ट विचारायची होती: तुम्हाला जायचंय का? तेवढंच. मुलगा-सून आल्यापासून घरात सारखी वर्दळ होती. सामान बांधणारे येत होते, मल्हारगंजातले चुलत दीर येत होते, बँकेच्या चकरा चालू होत्या. वहिनी एकट्या म्हणून सापडत नव्हत्या. कीस करायचा बेत त्यासाठीच होता. कीस सतत हलवावा लागतो, नाहीतर तळाला लागतो. मुलाला आणि सुनेला बाहेर टीव्हीसमोर बसवायचं, वहिनींना 'जरा हलवायला या' म्हणून स्वयंपाकघरात बोलवायचं आणि विचारायचं. इतका साधा बेत होता, आणि तो सुशीने मोडला.

ज्या चक्कीच्या जागेवर हे हॉटेल उघडलं, तिथेच माझी आणि वहिनींची पहिली ओळख झाली होती, गव्हाचे डबे घेऊन रांगेत. आता तिथे काच आहे, काळा रंग आहे, छतातून लोंबणारे कागदी दिवे आहेत आणि दारावर हिंदीत 'शुद्ध शाकाहारी' अशी पाटी आहे. पाटी वाचून सूनबाईंचा चेहरा पडला. ती पुण्याची, तिकडे ती खरी, माशाची सुशी खाते. आमच्या वहिनींचा मात्र चातुर्मास चालू होता, म्हणजे कांदा-लसूणही बंद. मासा पाहिजे असलेली एक आणि लसूण चालत नसलेली एक, यांना एकाच टेबलावर सुशी खायला बसवायची कल्पना ज्याची होती, तो मुलगा तेवढा खूश होता.

"आत्या, बघा ना, आपल्या इंदौरमध्ये काय काय आलंय," तो म्हणाला.

"हो रे. चक्की तेवढी गेली," मी म्हटलं.

टेबलावर सोया सॉसच्या बाटलीशेजारी जीरावनची डबी होती. आपण पोह्यांवर भुरभुरवतो तोच मसाला. ती बघून मला जरा बरं वाटलं. काचेपलीकडे डोक्याला काळा रुमाल बांधलेला एक आचारी भात थापत होता. तो इथल्याच परदेशीपुऱ्याचा असून दिल्लीत काम शिकून आलाय, अशी माहिती वेटरने न विचारता पुरवली. सुशीबरोबर येणारी हिरवी झणझणीत वसाबी चटणी समजून खाल्ली, असला विनोद मात्र आमच्याकडे घडला नाही. सुनेने बसल्या बसल्याच सगळ्यांना त्याबद्दल बजावून ठेवलं होतं, आणि ते बजावणंसुद्धा मला आवडलं नाही. त्या दिवशी मला काहीच आवडत नव्हतं. माझ्या आणि वहिनींच्या मध्ये मुलगा बसला होता, हे तर मुळीच नाही.

मुलाने प्रत्येकासाठी वेगवेगळी सुशी मागवली. वहिनींसाठी काकडी-आंब्याची, बिगर कांदा-लसूण. आणि इथेच सगळं घोडं अडलं.

वहिनींची एक रीत आहे. त्यांचे आजोबा दरबारच्या मुदपाकखान्यावर देखरेखीला होते, आणि त्या घराचा नियम असा की पंगतीतल्या शेवटच्या पानावर वाढून होईपर्यंत कुणी पहिला घास घ्यायचा नाही. दरबार गेला, पंगती गेल्या, नियम वहिनींबरोबर सासरी आला. लग्नात बुफे असला तरी त्या हातात भरलेली ताटली घेऊन उभ्या राहतात, बरोबरच्या सगळ्यांच्या ताटल्या भरेपर्यंत. भजी थंड होतात, आइस्क्रीम वितळतं, वहिनी हलत नाहीत. मुलगा त्याच वळणात वाढलेला, त्यामुळे आईसमोर तोही थांबतो. सून लग्नानंतर शिकली. मी तर इतक्या वर्षांत त्यांच्याआधी घास घेतल्याचं मला आठवत नाही.

आणि सुशीवाल्यांची रीत नेमकी उलटी. जसं तयार होईल तसं एकेक आणायचं आणि आणल्याबरोबर खायचं.

पहिल्यांदा मुलाची थाळी आली. काळ्या पाटीवर ओळीने मांडलेले भाताचे गोल काप, वरून शेवाळाचा कागद, मधोमध पनीर. मुलाने खायच्या काड्या उचलल्या, आईकडे बघितलं आणि परत ठेवल्या.

"सगळ्यांचं येऊ दे," वहिनी म्हणाल्या.

मग सुनेची आली. मग माझी आली, ती तळलेली, गरमागरम. वहिनींची येईना. लसणाचा हात लागलेली पाटी धुणार, सुरी धुणार, सॉस वेगळा करणार, तेव्हा कुठे यायची. आम्ही चौघं भरल्या टेबलासमोर हात मांडीवर ठेवून बसलो होतो. दत्ताच्या देवळात प्रसादाची वाट बघत बसतात ना, तसे.

मला वाटलं, बरंच झालं. खाणं नाही तर निदान बोलणं होईल. मुलाच्या पुढून वाकून मी विचारलं, "वहिनी, खरं सांगा, तुम्हाला जायचंय का पुण्याला?"

"आत्या, तिथे आईला काही म्हणजे काही त्रास नाहीये," मुलगा म्हणाला. "लिफ्ट आहे, खाली बगीचा आहे, सकाळी आजी लोकांचा ग्रुप आहे. एकदम टेन्शन फ्री."

"मी वहिनींना विचारलं."

"हो ना. आई, सांग ना आत्याला."

वहिनींनी तोंड उघडलं, तोच सून बोलली. तिचं मराठी ऐकत राहावं असं आहे, आणि मनाने ती वाईट नाही, हेच तर माझं दुःख होतं. वाईट असती तर रागावता तरी आलं असतं. "आत्या, आईंची आम्ही सगळी सोय केलीय. आम्हा दोघांच्या यायच्या वेळा इतक्या वेगवेगळ्या असतात, की त्यांना कुणासाठी ताटकळायला नको. स्वयंपाकाच्या बाई सहाला येऊन करून जातात. आईंनी आपलं साडेसातला गरम गरम जेवून घ्यायचं."

मी वहिनींकडे बघितलं. त्या जीरावनच्या डबीचं झाकण लावून बघत होत्या, घट्ट बसतंय का ते. मला त्यांचा हात धरून उठून घरी जावंसं वाटलं. माझ्या ताटलीतलं तळण एव्हाना निपचित पडलं होतं.

तेवढ्यात वेटर आला. आमच्या न शिवलेल्या थाळ्या बघून तो घाबरला होता. "भिया, इसको तो आते से ही खाने का रेता है," तो मुलाला म्हणाला. "उस्ताद देख रिये हैं वहाँ से. पूछ रिये हैं, कुछ गड़बड़ है क्या?"

मी काचेकडे बघितलं. काळा रुमालवाला खरंच हातातलं काम थांबवून आमच्याकडे बघत होता, आणि त्याचा चेहरा चांगला नव्हता.

"गड़बड़ कुछ नी है," मी म्हटलं. "अम्माजी की प्लेट लाओ, बस. कितना टाइम लगता है काकड़ी काटने में?"

"ला रिया हूँ मैडमजी."

तो गेला आणि वहिनींच्या थाळीऐवजी मालकाला घेऊन आला. मालक हात जोडूनच आला. म्हणाला, आप लोगों को पसंद नी आया, कोई बात नी, अपन दूसरा बना देते हैं. मुलगा 'नाही नाही' म्हणेपर्यंत त्याने मुलाची आणि सुनेची थाळी उचललीसुद्धा. इंदौरचा माणूस, आदरातिथ्यात कुणाला ऐकतो थोडंच! सून भुकेने रडकुंडीला आली होती. तिने जाणाऱ्या थाळीकडे ज्या नजरेने बघितलं, त्या नजरेने मी पेपर तपासताना घड्याळाकडे बघायची.

आणि लगेच वहिनींची थाळी आली. आता वहिनींची होती, माझी होती, पण त्या दोघांची नव्हती.

"सगळ्यांचं येऊ दे," वहिनी म्हणाल्या.

मी कपाळावर हात मारून घेतला. "वहिनी, अहो, हे काय पंगत आहे का?"

"चार माणसं जेवायला बसली की पंगतच ती, वन्सं. तुम्ही उगाच हल्लागुल्ला नका करू."

मी पुन्हा विषय काढला. म्हटलं, मागच्या खेपेला पुण्याहून आलात तेव्हा काय सांगत होतात, भाजीवाल्याचं? त्या हसल्या आणि सुनेला म्हणाल्या, "काही नाही गं. मी मराठीत बोलते, तर तुमच्याकडचा भाजीवाला मला हिंदीत जवाब देतो. वाटतं त्याला, कुठली बाई आली ही."

"होईल हो सवय," सून म्हणाली.

"होईलच ना," वहिनी म्हणाल्या.

हे उत्तर धरावं की नाही, मला कळेना. वर्गातही असं व्हायचं. प्रश्न एकाला विचारावा आणि बाकीच्या बाकांनी कल्ला करावा. तिथे निदान डस्टर आपटता यायचं. इथे मी काड्या आपटल्या. त्याचा आवाजसुद्धा धड झाला नाही. आणि आपटताना एक काडी टेबलाखाली गेली, ती उचलायला मुलगा वाकला, वाकल्यावर त्याच्या शर्टाच्या खिशातून फोन पडला, फोन वाजू लागला, आणि माझा प्रश्न पुन्हा जिथल्या तिथे राहिला.

मुलाच्या आणि सुनेच्या नव्या थाळ्या आल्या. मी सुटकेचा निःश्वास टाकला. पण त्या भल्या वेटरने त्या ठेवता ठेवता माझ्या लुळ्या पडलेल्या तळणाकडे बघितलं, "अरे मैडमजी, ये तो ठंडा हो गिया," म्हणाला आणि माझी थाळी उचलून चालता झाला. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. मी त्याच्या पाठीमागून ओरडले, आजूबाजूची दोन टेबलं वळून बघू लागली, आणि तो लांबूनच "अभी लाया" म्हणाला. मला इतका राग आला होता की डोळ्यांत पाणी येईल की काय असं वाटलं. जपानवर, चक्कीवर, पुण्यावर, कशावर ते मलाच कळत नव्हतं.

आता मुलगा म्हणाला, "आई, सॉरी हां, पण आता मी खातो. फार भूक लागली." सुनेने सासूकडे एकदा बघितलं. वहिनी म्हणाल्या, "खा गं, खा तुम्ही." दोघांनी भराभर खाल्लं. चांगलं असावं. सूनसुद्धा म्हणाली की मासा नाही म्हणून काही बिघडलं नाही. वहिनींनी आपल्या थाळीला हात लावला नाही.

मग पुन्हा फोन वाजला. उद्या सामान न्यायला येणारा ट्रकवाला होता. आत आवाज नीट येत नव्हता म्हणून मुलगा बाहेर गेला, आणि कपाट न्यायचं की नाही ते सुनेला ठाऊक, म्हणून तीही गेली. मधली खुर्ची रिकामी झाली. मी उठले आणि तिच्यावर जाऊन बसले.

आता विचारायची वेळ आली, तर मी सोया सॉसची बाटली इकडची तिकडे करत बसले. शेवटी वहिनीच म्हणाल्या, "विचारा आता. केव्हाच्या उकळून राहिल्या आहात."

"जायचंय का तुम्हाला?"

"नाही," त्या म्हणाल्या. इतकं साधं. नाही. मीठ वाढू का विचारल्यावर म्हणतात तसं.

मला वाटलं होतं, हे ऐकलं की मी उठून बाहेर जाईन आणि मुलाला चार शब्द सुनावेन. मी उठायला लागलेही. त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

"मला गेल्या साली बाथरूममध्ये चक्कर आली होती, आठवतं? तेव्हापासून तो रात्री झोपत नाही. सूनच सांगत होती. मध्येच उठतो, हातात फोन घेतो, मग विचार करतो की आई झोपली असेल, नको, आणि तसाच बसून राहतो. सकाळी ऑफिस. मी बाजूच्या खोलीत असले तर झोपेल तरी. त्याच्या बापालाही अशीच चिंता करायची सवय होती. त्याने काय झालं, बघितलं ना आपण."

"मग मला आधी का नाही सांगितलं हे?"

"सांगितलं असतं तर तुम्ही भांडला असतात त्याच्याशी. त्याने ऐकलं असतं तुमचं. तुमचं ऐकतो तो." त्यांनी मनगटावरचा हात काढला नाही. "म्हणूनच नाही सांगितलं."

आठवडाभर जमवलेला राग माझ्याजवळ होता आणि तो ठेवायला आता कुठे जागाच नव्हती. मुलावर नाही, सुनेवर नाही, वहिनींवर तर नाहीच. काचेबाहेर तो फोनवर बोलत उभा होता. कपाटाची उंची दाखवायला हात वर करत होता. त्याच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. आठ दिवस तो समोर वावरत होता आणि मला ते दिसलं नव्हतं.

"साडेसातला जेवायचं म्हणे," मी म्हटलं. "कुणासाठी थांबायला नको."

"हो ना," वहिनी म्हणाल्या, आणि पहिल्यांदा त्यांनी आपल्या थाळीकडे नीट बघितलं. आंब्याच्या फोडी कडेने सुकायला लागल्या होत्या. "ते जरा कठीण जाईल."

"जेवा आता. मघापासून थांबलाय. माझं येईल मागून."

"तुमचं येऊ दे," त्या म्हणाल्या.

वेटर घाईघाईने आला. त्या संध्याकाळी मी त्याला इतक्यांदा बोलले होते की तो टेबलापासून चार हात लांबच थांबला. "बस मैडमजी, हो गिया, दो मिनट. आपका आ ही रिया है."

रविवारपासून मी रात्री जेवायला बसेन तेव्हा मला कुणासाठी थांबायचं नव्हतं आणि माझ्यासाठीही कुणी थांबणार नव्हतं. आत्ता मात्र वहिनी थांबल्या होत्या. माझी थाळी येईपर्यंत त्या या खुर्चीवरून हलणार नव्हत्या.

"जल्दी नी है, भिया," मी त्याला म्हटलं. "आराम से लाओ."

त्याला वाटलं, मी टोमणा मारतेय. तो तसाच उभा राहिला.

"सच्ची के रई हूँ," मी म्हटलं. "जितनी देर लगे, लगने दो."